मागणीचं वाक्य

आमच्या घरात भाषण म्हणजे काय होतं, ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात होते आणि आम्ही वाशीला बैठ्या घरांच्या ओळीत राहत होतो. एक खोली, मोरी आणि पुढे हातभर ओटा. आमच्याकडे पोरगं बोलायला लागलं की त्याला भाषण पाठ करायला लावायचे. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी मंचावर चढायचं, हात जोडायचे आणि "अध्यक्ष महोदय" म्हणून सुरू व्हायचं. मी पाच-सहा वर्षांची असताना पहिल्यांदा चढले. माईक तोंडाच्या वर होता, मला स्टुलावर उभं केलं होतं. आपल्या पोरीला टाळी पडली की बाई दोन दिवस ताठ चालायची, अशी आमची वस्ती.

आणि अण्णांचं एक वेगळंच होतं. ते भाषण ऐकून आले की पुरं घरी घेऊन यायचे. सभेला बायका जात नसत, कुणी ड्युटीवर असायचं, कुणी आजारी. मग संध्याकाळी अण्णा ओट्यावर उभे राहायचे आणि ऐकून आलेलं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायचे. कागद नाही, काही नाही. वक्ता कुठे थांबला, पाणी कुठे प्यायला, टाळी कुठे पडली, सगळं. काकू लोक कणीक मळता मळता दारात येऊन बसत. "आज काय आणलंत भावजी?" असं विचारायच्या, जशी काही मासळीच आणली आहे.

आता गोष्टीकडे येते. मी दहावीत होते, ऐंशीनंतरची वर्षं. अण्णांच्या कारखान्यात संप चालू होता. संप किती लांबला ते आम्हाला अण्णांच्या नखांवरून कळायचं. रंगखात्यातल्या माणसाची नखं निळी-पिवळी असतात, कितीही घासा, जात नाहीत. ती मुळाकडून पांढरी होत होत आता टोकालाच निळी रेघ उरली होती. आय, म्हणजे माझी आई, त्यांच्या हातावर भाकरी ठेवताना त्या रेघेकडे बघायची. ती पहाटे कांद्याच्या बाजारात माल निवडायला जायची. घर तिच्यावर चाललं होतं.

शाळेत मराठीला आम्हाला एक बाई होत्या. साताऱ्याकडच्या, बारीक, आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे वर्ग गप्प बसायचा. पुस्तकात कवितांचं रसग्रहण असायचं. ते सगळ्यांना पाठ होतं, कवी काहीही म्हणो, आपण "कवीने सुंदर शब्दांत मांडले आहे" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बाईंना त्याचा कंटाळा आला असावा. त्या म्हणाल्या, "कविता राहू द्या. तुम्ही ऐकलेल्या एका भाषणावर लिहा. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आत्ताच का बोलतंय आणि ऐकणाऱ्याला वळवायला काय काय करतंय. चांगलं की वाईट ते मला नको."

मला वाटलं, हे तर आपल्या हातचं. मी घरी जाऊन एका बैठकीत लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मला उभं केलं.

"पहिली ओळ वाच."

मी वाचली. "अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाषणाबद्दल लिही म्हटलं, तर तू उलट भाषण केलंस. घरी कोण बोलतं?"

"वडील."

"छान बोलत असतील. पण तू टाळ्या वाजवत लिहिलंयस. टाळी वाजवताना माणसाला दुसरं काही करता येत नाही. परत लिही. आणि एक गोष्ट शोध. त्या बोलणाऱ्याला लोकांकडून नेमकं काय हवं आहे? ते जिथं मागितलंय ते वाक्य मला काढून दाखव. मागणीचं वाक्य."

मला रडू आलं होतं. भाषण उसवून बघायचं हे मला पाप वाटलं. आमच्याकडे भाषण ऐकतात, उभे राहतात, हात जोडतात. देवाला न मानणारी माणसं आम्ही, पण मंचावरच्या शब्दाला मानायचो.

त्याच आठवड्यात कंपनीनं नोटीस लावली. पुढच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत गेटवर येऊन चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सही करा आणि सोमवारी कामावर या. सही नाही त्याचं नाव कमी. रविवारी दुपारी पुढाऱ्यांनी गेटसमोर सभा घेतली. अण्णा गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे काका तापानं पडले होते, ते गेले नाहीत. काका त्याच कारखान्यात, परभणीकडचे, पदरात तीन लहान लेकरं. मी त्यांना काका म्हणायचे, अण्णा त्यांना 'भाऊ' अशी हाक मारायचे.

संध्याकाळी अण्णा ओट्यावर उभे राहिले. काका गोधडी पांघरून उंबऱ्यावर येऊन बसले. मी वही घेऊन आत दाराशी बसले, म्हटलं बाईंना हेच भाषण द्यावं.

अण्णांनी सुरू केलं. पुढारी सांगत होते, त्यांचे वडील गोदीत हमाल. एक दिवस मुकादम म्हणाला, मान खाली घाला, मग मजुरी देतो. सगळ्यांनी घातली, यांच्या वडिलांनी घातली नाही. रिकाम्या हातानं घरी आले. आईनं नुसती मिठाची पेज केली, वाढली आणि म्हणाली, आज पेज गोड झालीय. इथं लोक रडले, असं अण्णा म्हणाले, आणि आमच्या ओट्यावरही काकूंनी पदर डोळ्याला लावला. मग अण्णांनी आवाज खाली आणला. "शनिवारपर्यंत गेटवर टेबल असेल. टेबलावर पेन असेल. पेन हलकं असतं, भावांनो. ते उचलणारा हात कुणाचा आहे, हे ज्याचं त्यानं बघावं." थांबले. "इथं टाळी पडली, मैदान दणाणलं." परत थांबले आणि बोट वर करून म्हणाले, "कोणी सही करायची नाय."

काकांनी गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाले, "बरं झालं बा सांगितलंत. म्या उद्या जाणार व्हतो गेटवर. आता नाही जात."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. धाकटं मांडीवर होतं, त्याच्या डोक्यावरून त्या उगाच हात फिरवत राहिल्या.

आयनं आतून कांद्याची टोपली सरकवली, जरा जोरातच. "त्या पेजेत मीठ तरी व्हतं," म्हणाली. "मीठ पण विकत मिळतं."

"तू बोलू नकोस," अण्णा म्हणाले.

"मी कुठं बोलते. बोलणारे ओट्यावर हायत."

मी लिहिलं. या वेळी टाळ्या न वाजवता लिहिलं. वडिलांची गोष्ट का घेतली, तर ऐकणारेही कुणाचे तरी वडील आहेत. पेज का, तर घराघरांत तेव्हा पेजच होती. आणि शेवटी मागणीचं वाक्य ठळक करून: कोणी सही करायची नाही. मला वाटलं, जमलं.

सोमवारी बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. वही पुढ्यात होती. "पुष्कळ सुधारलंय," म्हणाल्या. "फक्त हे शेवटचं वाक्य बघ. त्याला आधीच्या वाक्यांच्या शेजारी ठेव आणि वाच. मोठ्यानं नको, मनात."

मी वाचलं. मला काही कळलं नाही.

"घरी जाताना परत वाच," बाई म्हणाल्या. एवढंच.

शाळेतून घरी चालत यायला वेळ लागायचा. तेव्हा वाशीत सेक्टर आखलेले होते पण मध्ये नुसती भरणी, गवत आणि खाडीचा वारा. मी चालता चालता म्हणत होते. पेन हलकं असतं. उचलणारा हात कुणाचा, ज्याचं त्यानं बघावं. कोणी सही करायची नाही. पेन हलकं असतं... आणि मी रस्त्यातच थांबले. हा माणूस सगळं वळसा घालून बोलतो. गोदी, मुकादम, पेज, पेन. स्वतःच्या तोंडानं एकदाही कुणाला काही करा म्हणत नाही. मग इथंच असा सरळ कसा आला? सरळ कोण बोलतं? दार लाव. पाणी भर. वीज जाळू नको. कोणी सही करायची नाय.

ते वाक्य अण्णांचं होतं.

मला आधी आनंदच झाला, खरं सांगते. गणित सुटल्यावर होतो तसा. आणि मग आठवलं, काका त्या वाक्यावर घरी बसले होते. पुढारी म्हणाले असं समजून. उद्या नाव कमी झालं आणि काका पुढाऱ्यांकडे गेले, तर ते म्हणणार, मी कधी म्हणालो? आणि ते खरंच बोलत असतील.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. अण्णांना विचारायचं म्हणजे काय, त्यांच्या पाठांतराला कुणी आजवर बोट लावलं नव्हतं. सगळी वस्ती म्हणायची, याचं टेप रेकॉर्डरसारखं डोकं आहे. आणि मी त्यांची पोरगी उठून विचारणार, तुम्ही पदरचं घातलंत का? रोज काकू भिंतीपलीकडून आयला विचारायच्या, थोडं पीठ आहे का, आणि मला वाटायचं आत्ता सांगावं. मी पीठ तेवढं काढून द्यायचे.

बुधवारी संध्याकाळी अण्णा जेवायला बसले आणि मी विचारलं. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून बाईंचं नाव पुढे केलं.

"अण्णा, बाईंना ते भाषण नीट पाहिजे. परत सांगता का, शेवटचंच?"

खूश झाले. जेवता जेवता म्हणाले. पेन हलकं असतं, ज्याचं त्यानं बघावं, कोणी सही करायची नाय.

"टाळी कुठं पडली?"

"सांगितलं ना त्या दिवशी. पेनावर पडली. ज्याचं त्यानं बघावं, तिथं."

"आणि सही करायची नाय, यावर?"

अण्णांचा घास हातातच राहिला.

"एवढी मोठी गोष्ट सांगितली त्यांनी," मी म्हटलं, "त्याच्यावर टाळी पडली असंल ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते; मग मान वर केली. ते डोळे मिटून पुन्हा सगळं बघत होते, मैदान, मंच, माणसं. ओठ हलत होते. आय स्टोव्ह बंद करून उभी राहिली. स्टोव्हचा आवाज गेल्यावर घर एकदम मोकळं झालं.

"नाय पडली," अण्णा म्हणाले.

घास ताटात परत ठेवला. "पेनावर टाळी पडली आणि ते खाली बसले. हार घातला. त्यानंतर काय बोललेच नाय."

"मग ते वाक्य?" आयनं विचारलं.

अण्णा उठले. ताटात हात धुतला. आय म्हणाली, "जेवण तरी पुरं करा," पण ते बाहेर गेले आणि भिंतीशी उभे राहिले. आमच्या आणि काकांच्या ओट्यामधली भिंत छातीएवढीच होती.

"भाऊ," त्यांनी हाक मारली.

काका आले. ताप उतरला होता, पण आवाज बारीक होता. "काय हो?"

"त्या दिवशी मी सांगितलं ना, सही करायची नाय म्हणून. ते त्यांचं वाक्य नव्हतं."

"मंग कुणाचं?"

"माझं. माझ्या तोंडातनं आलं. मला वाटलं ते तसंच बोलले."

मला वाटलं आता भांडण होणार. काका म्हणाले, "असंल. पर मला तुमचंच पटलं व्हतं. पुढारी काय, आज हितं, उद्या नाशकात. तुमी शेजारचे."

हे ऐकून अण्णांना हलकं वाटायला हवं होतं ना? उलट झालं. ते भिंतीला धरून उभे राहिले, जसं कुणी डोक्यावर आणखी एक गोणी चढवली. आत आले तर आयला म्हणाले, "हा माझ्या शब्दावर घरी बसलाय."

"मग त्याला सांगा जा म्हणून."

"आधी विचारतो. पुढाऱ्यांनाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी ते युनियनच्या ऑफिसात गेले. मी शाळेतून आल्यापासून आम्ही दोघी त्यांची वाट बघत होतो, आय बाजारातून लवकर आली होती. दुपार टळल्यावर आले. चपला काढल्या, पाणी प्यायले.

"भेटले का?" आय.

"भेटले."

"काय म्हणाले?"

"खांद्यावर हात ठेवला. चहा पाजला. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून मी उभा हाय."

"ते झालं. सही करायची का नाय?"

अण्णा भिंतीकडे बघत होते. "मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली."

"पेजेची?"

"पेजेचीच."

आय हसली. मला ते हसणं आवडलं नाही, आणि तिलाही आवडलं नसावं, कारण लगेच पदर तोंडावर घेतला.

संध्याकाळी अण्णांनी काकांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "भाऊ, तुमी शनिवारी जा. सही करा. लेकरं लहान हायत."

"आन तुमी?"

"माझं मी बघतो."

"दोघं मिळून जाऊ की."

"तुमी जा."

शनिवारी शाळा सकाळची. मी घरी आले तर काका-अण्णा दोघेही निघून गेलेले. आय कांद्याची साल झटकत दारात बसली होती, तिच्या केसांत साल अडकली होती, तिचं लक्ष नव्हतं. मी अभ्यासाला बसले. एक ओळ डोक्यात जाईना. रस्त्यावर चपलेचा आवाज आला की आम्ही दोघी मान वर करायचो. काका आधी आले. आमच्या दाराकडे न बघता सरळ घरात शिरले. पलीकडून काकूंचा रडण्याचा आवाज आला, पण तो सुटल्याचा होता, कळतो तो फरक. म्हणजे काकांनी केली.

अण्णा दिवेलागणीला आले. चालत आले होते, पायावर तुर्भ्याच्या खाणीची धूळ होती. आयनं त्यांच्या हाताकडे बघितलं, जणू शाई दिसणार होती.

"केली का?"

"नाय."

आयनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. अण्णाच म्हणाले, "टेबलापर्यंत गेलो. पेन हातात घेतलं. भाऊ माझ्या पुढं व्हता, त्याला करू दिली. माझा नंबर आला आणि मला दुसरं कायच आठवेना. पुढारी नाय, पेज नाय. नुसतं ते वाक्य. ते त्यांचं असतं तर मी मोडलं असतं, आयशप्पत मोडलं असतं. पण ते माझंच हाय. आपलंच बोललेलं आपण कसं मोडायचं?"

मला वाटलं आता आय टोपली फेकेल. तिला तसा हक्क होता. ती बराच वेळ कांद्याची सालं एकत्र करत राहिली, पार बारीकसारीक वेचून. मग म्हणाली, "उद्या पहाटे माझ्याबरोबर चला. गोण्या उतरवायला माणसं लागतात. आणि तिथं भाषण करू नका. मुकादम बहिरा हाय."

सोमवारी मी बाईंना निबंध दिला. मागणीच्या वाक्याच्या जागी लिहिलं होतं, असं वाक्य या भाषणात नाही. वक्त्यानं जागा रिकामी ठेवली आहे, ती ऐकणारा भरतो. घरचं काही लिहिलं नव्हतं. बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. माझे डोळे सुजलेले होते, ते त्यांना दिसलं असणार.

"कुणी भरली जागा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वहीकडे बघत राहिले. त्यांनीही परत विचारलं नाही. खाली लाल शाईनं 'बरोबर' लिहिलं. त्यांच्याकडून याच्यापुढे कुणाला काही मिळत नसे.

अण्णांचं नाव कमी झालं ते झालंच. त्यांनी पुढे सगळं आयुष्य बाजारात काढलं. मी दहावीची परीक्षा दिली, पास झाले, आणि कॉलेजच्या जागी आयबरोबर कांदे निवडायला बसले, कारण माझी धाकटी दोन भावंडं शाळेत होती. त्यापुढचं जे काही मला येतं, ते रद्दीतून आणि वाचनालयातून मी माझं मिळवलेलं आहे. पण वाचायचं कसं, ते मला तेवढ्या एका आठवड्यानं शिकवलं. आजही कुणी टीव्हीवर गोड बोलायला लागलं की माझी नातवंडं ऐकत असतात आणि मी मागणीचं वाक्य शोधत असते.

अण्णांनी ओट्यावरची भाषणं मात्र सोडली नाहीत. काही महिने गप्प होते. मग जयंती आली, तेव्हा काकांनीच गळ घातली, "आज काय आणलंत?" काकू, आय, सगळ्या बसल्या. अण्णा उभे राहिले आणि ऐकून आलेलं भाषण म्हणायला लागले, तसंच, टाळ्यांसकट. मध्येच थांबले. खाली बघितलं. आणि ओट्याच्या कडेला आमच्यात येऊन बसले.

"काय झालं?" काका म्हणाले. "पाय दुखतोय काय?"

"नाय," अण्णा म्हणाले. "पुढचं माझं हाय."

बसून त्यांनी दोन वाक्यं सांगितली, साधीच. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाकीचं परत उभ्यानं पुरं केलं. शेवटपर्यंत त्यांनी ते तसंच ठेवलं. दुसऱ्याचं उभं राहून, आपलं बसून.